दुसरा चावा

ताबोका गावात माणूस खरं बोलतोय की खोटं हे सांगायला पाद्री होता, पण तो वर्षातून दोनदाच यायचा. पान खरं की खोटं हे सांगायला मात्र बेर्तोल्दोची जीभ होती. पाऊस थांबल्यापासून पुढचा पाऊस लागेपर्यंत ती रोज सकाळी आंब्याखालच्या बाकावर हजर असायची.

रीत ठरलेली होती. उपाशीपोटी बसायचं, चूळ भरायची, राशीच्या पोटातून चिमूटभर जबोरांडीची वाळकी पानं काढायची. वरून काढायची नाही, कारण वर प्रत्येक जण चांगलंच पान ठेवतो. ती गालात धरून चावायची. पान जिवंत असलं तर थोड्याच वेळात तोंडाला झरा फुटायचा. मग बेर्तोल्दो मान वाकवून लाळेची तार खाली सोडायचा. तार न तुटता धुळीला टेकली की म्हणायचा, "वाहतं." मध्येच तुटली तर "सुस्त." काहीच सुटलं नाही तर "मुकं." एका दिवशी एकच रास, कारण एकदा पान बोलायला लागलं की तोंड दुपारपर्यंत थांबत नाही. पानवाला ओदोरिको याच शब्दावर दर द्यायचा. तिकडे शहरातल्या कारखान्यात पानाचा कस काचेच्या नळ्यांतून काढत, आणि त्यातून डोळ्यांत घालायचे थेंब नि काय काय करत. पण त्या नळ्यांचा निकाल गावात पोचेपर्यंत पान विकून, त्याचे पैसे खाऊन, विसरून झालेलं असायचं. जिभेचा निकाल जागच्या जागी. चाखल्याबद्दल प्रत्येक राशीतली एक करंडी बेर्तोल्दोच्या घरी जायची, आणि गाव त्याला मानाने 'सेउ बेर्तोल्दो' म्हणायचं.

त्या सकाळी रास होती जावयाची.

खोलघळीतून पान आणणारा नोनातो एकटाच. घळ गावापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. अंधारी, ओली, आणि मोठ्या झाडांच्या सावलीत जबोरांडी कमरेएवढी माजलेली. आठवडा आठवडा तिथे झाडाला झोपायची झोळी बांधून राहायचं, शेंडा राखून पान तेवढं खुडायचं आणि पाठीवरून वाहून खळ्यावर आणायचं. नोनातोच्या खांद्यांवर करंडीच्या पट्ट्यांचे वळ उठलेले होते. तो बाकासमोर उकिडवा बसला होता. बेर्तोल्दोची बायको जेनेरोझा कॉफीची किटली घेऊन उभी होती आणि नेहमीप्रमाणे पानाकडे न बघता माणसांकडे बघत होती. कोण कुणाच्या राशीला हसला, कोण कुणाच्या मयताला आला नव्हता, हे सगळं तिच्या डोक्यात जमेला आणि खर्चाला नीट मांडलेलं असायचं.

बेर्तोल्दो चावत होता. गालाचं हाड वरखाली होत होतं. बराच वेळ गेला. मग त्याने मान वाकवली. तोंडातून काहीच सुटलं नाही. ओठाला चिकटलेला हिरवा कोंडा त्याने अंगठ्याने पुसला.

"मुकं."

"परत चावा," नोनातो म्हणाला.

"मुकं म्हटलं ना."

"सेउ बेर्तोल्दो, गेल्या वर्षी याच घळीतलं पान. तुम्हीच म्हणालात वाहतं. तार तुमच्या पायाच्या अंगठ्यावर पडली होती."

"गेल्या वर्षी तुझ्या डोक्यावर केसही होते."

लोक हसले. जेनेरोझालाही हसू आलं, कारण टोला चांगला होता. पण जावयाचा हात आपोआप टकलाकडे गेला, तसं तिने हसू आवरलं.

बाकापासून जरा लांब मोटरसायकलवर रेलून तार्सिझियो उभा होता. शेजारच्या मोठ्या कुरणाचा मुकादम. घळीच्या अलीकडपर्यंत त्याच्या मालकाची गुरं आली होती, आणि घळ साफ करून गवत पेरायचं मालकाच्या मनात केव्हाचं होतं. जमीन ना मालकाची, ना गावाची. जो वापरील त्याची, असा जुना कारभार. गावाने वापर सोडला तर मालक गावाच्या विहिरीवर पंप बसवून द्यायला तयार होता. पाणी शेंदून कंबर मोडलेल्या बायकांना पंप म्हटलं की स्वर्गच दिसायचा.

"घळ म्हातारी झाली म्हणायची," तार्सिझियो म्हणाला. "मुक्या पानासाठी पंप कोण सोडतं?"

नोनातो उठला. "मी दुसरा चावा मागतो."

आंब्याखालचे लोक जवळ सरकले. दुसरा चावा हंगामात एकदाच मागता येतो, तोही सगळ्या गावासमोर. त्यातही पान मुकं ठरलं, तर मागणाऱ्याचा त्या जागेवरचा हक्क संपला. आजवर मागितला होता फक्त एका वेड्याने आणि एका दारुड्याने.

"सासऱ्याला मागतोस?" ओदोरिकोने विचारलं.

"जिभेला मागतोय. सासऱ्याशी माझं काही नाही."

"रविवारी," ओदोरिको म्हणाला. "प्रार्थनेनंतर."

बेर्तोल्दो बाकावरून उठला आणि लगेच बसला. मग बाकाची कड धरून सावकाश उठला. लोकांना वाटलं, रागाने थरथरतोय.

*

घरी त्या दिवशी कंद भाजायचे होते. किसून, पिळून ठेवलेला मांडियोकाचा लगदा भट्टीवरच्या रुंद कढईत लाकडी वल्ह्याने हलवत राहायचा, तेव्हा कुठे त्याची कुरकुरीत फरिन्या होते. ती घरात असली की पोटाची चिंता नाही. भट्टीच्या धगीला कुत्रंसुद्धा थांबत नाही. जेनेरोझाचा झगा पाठीला चिकटला होता, हनुवटीवरून घामाचे थेंब कढईत पडू नयेत म्हणून ती मान वळवून हलवत होती. समोर बेर्तोल्दो दुसरं वल्हं धरून उभा. तोंड तापलेल्या विटेसारखं लाल आणि शर्ट कोरडा ठणठणीत.

तिने त्या शर्टाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. संसारभर तिने त्याचे शर्ट धुतले होते. बगलेतली मिठाची पांढरी रेघ निघता निघायची नाही, तिच्यावर ती राख घासायची. यंदा तिने राख घासली नव्हती. शर्टांना धूळ होती, मीठ नव्हतं. हे तिला धुताना कळलं होतं, पण हात सुटले म्हणून तिने आनंदच मानला होता.

"बस जरा सावलीत," ती म्हणाली.

"का? म्हातारा झालोय?"

"झालास. बस."

तो गेला आणि त्याने रांजणातलं पाणी शर्टावरच ओतून घेतलं.

जेवायला भात, सुका मासा आणि गरम फरिन्या. बेर्तोल्दोने मूठभर फरिन्या तोंडात टाकली. चावली, चावली, आणि डोळे मोठे करून पाण्याचा गडू उचलला. मग ताटातली सगळी फरिन्या कॉफीत कालवून तिचा लगदा केला.

"दात," तो म्हणाला. "दुखतोय."

"कुठला?"

"तुला काय करायचंय? उपटणार आहेस?"

त्याचा धाकटा भाऊ जूनमध्ये गेला, तेव्हा हा शवपेटीजवळ कोरड्या डोळ्यांनी उभा होता. गाव म्हणालं, दगड आहे. जेनेरोझाही मनात म्हणाली होती. आता भांडी घासता घासता ती एकेक गोष्ट ओळीने मांडायला लागली. शर्ट, फरिन्या, भावाचं मयत, बाकाची कड. हात थांबले. तिने झग्याला हात पुसले आणि खळ्यावर गेली.

नोनातोची रास ताडपत्रीखाली होती. बाईने पान तोंडात घालायचं नाही, असं ताबोकात पोरींना शहाणपण यायच्या आधीच शिकवतात. पोटातलं पडतं म्हणून. शिवाय चारचौघांत लाळ गाळणारी बाई म्हणजे काय शोभा! पण जेनेरोझाच्या पोटात पडण्यासारखं आता काही नव्हतं, आणि खळ्यामागे चारचौघंही नव्हती. तिने राशीच्या पोटातून चिमूट काढली आणि चावली.

आधी कडू. मग हिरड्यांना मुंग्या. मग काय झालं ते तिला आवरलंच नाही. जिभेखालून, गालांतून, कुठून कुठून पाणी सुटलं. ती थुंकली, परत भरलं. झग्याचा घोळ तोंडाशी धरला, तो भिजला. पाठीतून घामाचा लोट गेला, पोटात मुरडा आला, आणि भर दुपारी डोळ्यांपुढे दिवेलागणीसारखं अंधारून आलं. ती वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, दावणीच्या बैलासारखी लाळ गाळत उभी राहिली.

पान चांगलं जिवंत होतं.

तोंड जरा थाऱ्यावर आल्यावर तिने यंदाचे निकाल आठवून पाहिले. प्रार्थनेला पुढे बसणाऱ्यांची पानं वाहती. दारुड्याचं पान मुकं. उशिरा उठणाऱ्याचं सुस्त. आणि ज्याने बापाला न विचारता पोर पळवून नेली त्या नोनातोचं मुकं. यंदा बेर्तोल्दोने पानं चाखलीच नव्हती. माणसं चाखली होती. आणि घरची रास, जी सोमवारी बाकासमोर जायची, तिचा निकाल तर त्याने आधीच घरात सांगून ठेवला होता. वाहतं.

"हे काय, आई? रडतेस?"

इवोनेत, तिची मुलगी. चाळण परत करायला आली होती.

जेनेरोझाने तोंड पुसलं. "धूर गेला डोळ्यांत."

"तोंडातून रडतेस होय धुराने?" इवोनेतने चाळण भिंतीला टेकवली. "बाबांना सांग, पोटं भरली म्हणावं आमची. जावई आवडत नव्हता तर तेव्हाच सांगायचं. आता घळीवर कसला सूड?"

"सूड नाही गं."

"मग? यांची घळ मुकी आणि तुमची रस्त्याकडेची झुडपं वाहती? गाव काय म्हणतंय ऐकलंस? सेउ बेर्तोल्दोची जीभ घरच्या करंडीकडे वळते म्हणतात. माझा बाप चोर आहे असं मी ऐकायचं आणि मान खाली घालून पाणी शेंदायचं."

"तुझा बाप चोर नाही."

"मग काय आहे?"

जेनेरोझाला उत्तर माहीत होतं, पण ते आपल्या तोंडून निघावं की नाही हे ठरत नव्हतं. तिने चाळण उचलली आणि तिची जाळी उजेडात धरून उगाचच तपासत राहिली. इवोनेत निघून गेली.

*

संध्याकाळच्या आधी बेर्तोल्दो ओढ्यावर गेला होता. कमरेपर्यंत पाण्यात बसला होता, म्हशीसारखा. यंदा तो रोज बसायचा. जेनेरोझा काठावरच्या दगडावर टेकली.

"मी नोनातोचं पान चावलं."

 त्याने पाण्यावर हात आपटून माश्या हाकलल्यासारखं केलं.

"वाहतंय ते, म्हाताऱ्या. माझा झगा पिळून बघ."

"बाईने पान चावायचं नाही."

"आणि पुरुषाने न चाखता सांगायचं?"

"चावतो मी."

"चावतोस. पण तोंडात काही येत नाही. कधीपासून?"

त्याने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. "लेन्टच्या, ईस्टरआधीच्या उपवासांपासून," तो म्हणाला. "मला वाटलं उपासाने. मग ईस्टरला मांस खाल्लं, तेही घशात अडकलं."

"आणि सगळ्यांना सांगत सुटलास वाहतं, मुकं."

"पान बघून कळतं. वासाने कळतं. तार हवी तेव्हा चुळीचं पाणी गालात राखतो. इतकी वर्षं काय झोपा काढल्या?"

"पान बघून नाही, तोंड बघून. ज्याचं तोंड आवडलं नाही त्याचं पान मुकं."

तो उठायला लागला आणि डोळे मिटून, दोन्ही हात पसरून तसाच थांबला. जग जागेवर येईपर्यंत. मग परत बसला.

"गाव तुला चोर म्हणतंय," ती म्हणाली. "पोर म्हणतेय."

"म्हणू दे."

"म्हणू दे?"

"चोराला लोक भितात, जेनेरोझा. चोराच्या वाटेत कुणी येत नाही. वाळलेल्याला काय? पोरं खडे मारतील. ज्याच्या तोंडात थुंकीसुद्धा नाही, त्याच्या शब्दावर कोण थुंकणार?"

"म्हणजे घळ जाऊ देणार? पोरीची चूल जाऊ देणार?"

"पंप मिळेल तिला."

"पंपाने पाणी येतं. फरिन्या नाही येत."

 जेनेरोझा उठली. "शुक्रवारी बाजाराची गाडी जाते. माझ्या डोळ्यांना दाखवायचंय दवाखान्यात. अंधारतं मला. एकटी जाऊ?"

तिला पक्कं माहीत होतं, तो एकटीला जाऊ देणार नाही. आणि हेही माहीत होतं की आपण फसवले जातोय हे त्याला कळलंय, तरी तो येईल.

*

दवाखान्याची डॉक्टरीण तरुण होती, केस आखूड, पायांत रबरी सपाता. जेनेरोझाने खुर्चीवर नवऱ्याला ढकललं आणि स्वतः मागे उभी राहिली. "डोळे माझे आहेत," ती म्हणाली, "पण आधी याचं तोंड बघा."

डॉक्टरीणबाईने बघितलं. जीभ बाहेर काढायला लावली. ती भेगाळलेल्या चामड्यासारखी होती. पापणी ओढून तिथे कागदाची बारीक पट्टी लावली, ती कोरडीच निघाली. झोपवून रक्तदाब घेतला, लगेच उभं करून घेतला, आणि तो लटपटला तेव्हा स्वतःच त्याला धरलं. घाम, लघवी, शौच, सगळं विचारलं. बेर्तोल्दोने जेनेरोझाकडे बघत, एकेक शब्द उपटून काढल्यासारखी उत्तरं दिली.

"अंगात काही कामं आपण न सांगता चालतात," डॉक्टरीणबाई म्हणाली. "घाम, थुंकी, डोळ्यांचं पाणी, उभं राहिल्यावर रक्त वर ढकलणं. मज्जातंतू जातो आणि ग्रंथीच्या दारावर टकटक करतो. आतून दार उघडलं की पाणी येतं. तुमच्यात एक तर टकटक पोचत नाही, नाहीतर आतलं घरच रिकामं होत चाललंय. कदाचित दोन्ही. त्यासाठी राजधानीत मोठ्या दवाखान्यात तपासण्या कराव्या लागतील."

"औषध?"

"आहे. तेही तशीच टकटक करतं. मज्जातंतूचं काम तेच करून टाकतं." तिने पेन उचललं. "एका पानातून काढतात. तुमच्याच भागातलं आहे. जबोरांडी."

बेर्तोल्दो आधी हसला, मग खोकला, कारण कोरड्या घशात हसू अडकलं. "बाई, त्या पानाला मी लहानपणापासून ओळखतो. रोज सकाळी बोलतो त्याच्याशी. आता ते माझ्याशी बोलत नाही."

डॉक्टरीणबाई हसली नाही. "रोज चावता?"

"हंगामात रोज."

"आणि काहीच येत नाही?"

"हिरवा कोंडा."

तिने पेन खाली ठेवलं. "मग दार ठोठावून झालंय, आत कुणी फारसं उरलेलं नाही असं वाटतं. गोळी देऊन बघू, मोजून. आतली सूज थोडी उतरली, थोडं घर परत वसलं, तर येईलही पाणी. पण कच्चं पान बंद. हृदय मंद होईल, उभ्या उभ्या पडाल. तुम्हीसुद्धा," ती जेनेरोझाकडे वळली. "डोळे अंधारतात म्हणालात. चावलंत ना?"

"एकदाच," जेनेरोझा म्हणाली.

"घोट घोट पाणी प्या, मीठ खा, एकदम उठू नका, उन्हात काम करू नका."

"मग काय करू?" बेर्तोल्दोने विचारलं.

डॉक्टरीणबाईने ऐकलं असावं, पण बाहेर रांग मोठी होती.

गाडीत परतताना तो मिठाची पुडी हातात धरून बसला होता. ताबोकाचं वळण आलं तेव्हा म्हणाला, "रविवारी तू सांगणार लोकांना?"

"नाही."

"का?"

"तोंड तुझं आहे. उघडायचं की मिटायचं ते तू बघ. मी उभी राहीन, एवढंच."

हे सांगताना तिला वाटलं होतं आपण मोठं मन दाखवतोय. नंतर वाटलं, छे, आपण ओझं त्याच्या पाठीवर टाकून मोकळे झालो.

*

रविवारी प्रार्थना लवकर आटोपली. सगळ्यांचं मन आंब्याखाली होतं. तार्सिझियो पंपाचं चित्र असलेला कागद घेऊन आला होता आणि बायकांना दाखवत होता. इवोनेत त्याच्याकडे पाठ करून उभी. नोनातोने रास स्वतः उघडली आणि हात मागे बांधले.

बेर्तोल्दोने चूळ भरली. पाणी बाहेर टाकलं नाही, गिळलं. ओदोरिकोने भुवई उचलली. मग बेर्तोल्दोने राशीत हात घातला, कोपरापर्यंत, चिमूट काढली आणि चावायला लागला.

जेनेरोझा किटली घेऊन उभी होती. तिच्या तोंडाला मात्र नुसतं बघूनच पाणी सुटलं होतं. तिने गिळलं. तिला त्याची जीभ दिसत नव्हती, पण कशी असेल ते माहीत होतं.

"काय, सेउ बेर्तोल्दो," तार्सिझियो म्हणाला, "अजून झोपलंय का पान?"

दोघं तिघं हसले. बेर्तोल्दो चावायचा थांबला. त्याने इवोनेतकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, आईच्या हातातल्या किटलीकडे बघत होती. मग त्याने तोंडात बोट घातलं, चावलेलं पान काढून बाकाच्या फळीवर ठेवलं. वाळक्या शेणीच्या तुकड्यासारखं दिसत होतं ते.

"जेनेरोझा," तो म्हणाला. "ये इकडे."

तिने किटली खाली ठेवली. त्याने राशीतून दुसरी चिमूट काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"हे काय?" ओदोरिको म्हणाला. "बाई?"

"माझ्या तोंडात पाणी नाही. लेन्टच्या उपवासांपासून नाही." त्याचा आवाज खरखरत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "मी यंदा एकही पान चाखलेलं नाही."

क्षणभर कुणालाच कळेना, मग सगळ्यांना एकदमच कळलं.

"माझं सुस्त म्हणालास तू! ओदोरिकोने अर्धा दर दिला मला!"

"आणि माझं मुकं. मी नाल्यात ओतलं ते!"

"नाल्यातले मासे घामाघूम झाले असतील," कुणीतरी मागून म्हणालं. त्यावर हशा पिकला. बेर्तोल्दोच्या तोंडावर तो हशा चापटीसारखा बसलेला जेनेरोझाला दिसला. पण तो बाकावरून हलला नाही.

"ज्यांच्या राशी खळ्यावर आहेत त्यांच्या परत चाखू," तो म्हणाला. "ज्यांच्या गेल्या त्यांना माझ्या करंड्या. ज्यांनी ओतल्या त्यांनाही. आधी ही रास. चाव."

जेनेरोझाने गावाकडे पाहिलं. यातल्या निम्म्या बायकांच्या बाळंतपणाला ती बसली होती, निम्म्या पुरुषांची गुपितं तिला माहीत होती. त्यांच्यासमोर तोंड उघडून लाळ गाळायची होती. तिने चिमूट तोंडात टाकली.

फार वेळ लागला नाही. इवोनेत फडकं घेऊन पुढे धावली. जेनेरोझाने तिला हाताने बाजूला सारलं. फडकं धरलं तर तार कशी दिसणार? तिने मान वाकवली, केसांची बट डोळ्यांवर आली, कपाळावरचा घाम नाकावरून ओघळला, आणि ओठांतून जाड, चकचकीत तार निघाली. ती झग्याच्या पुढून, पायांच्या मधून खाली उतरली. कुणीतरी तोंड फिरवलं. तार धुळीला टेकली, धुळीत तिचा काळा ठिपका झाला, तरी ती तुटली नाही.

आता निकाल सांगायचा होता, आणि जेनेरोझाला बोलता येत नव्हतं. तोंड भरलं होतं. तिने हाताने खुणावलं. ओदोरिको वाट बघत होता. शेवटी बेर्तोल्दोने बाकाची कड धरली, सावकाश वाकला, आणि तो ठिपका जवळून पाहिला.

"वाहतं," तो म्हणाला.

तार्सिझियोने कागदाची घडी घातली. जाता जाता तो पाणी भरणाऱ्या बायकांकडे बघून म्हणाला, "हात दुखले की आठवण काढा." दोघी तिघींनी नोनातोकडे असं काही बघितलं, जणू पंप त्यानेच उपटून नेला. तो लक्ष न देता रास बांधत होता. सासऱ्याकडे त्यानेही पाहिलं नाही.

*

सोमवारी पाळी होती बेर्तोल्दोच्या राशीची.

आंब्याखाली रविवारपेक्षा जास्त गर्दी. ज्यांचं काही काम नव्हतं तेही आले होते. त्यांना काय बघायचंय, हे जेनेरोझाला ठाऊक होतं. त्यांच्या जागी ती असती तर पहाटेच येऊन पुढे बसली असती.

ही रास तिने स्वतः वाळवली होती. चक्कर येते म्हणून बेर्तोल्दो यंदा आत रानात गेला नव्हता. वाटेकडेच्या झुडपांचं खुडलं होतं, जी दरवर्षी दहा हात लागून खंगली होती. त्यात एका पहाटे दव पडलं असताना तिने पान दमटच झाकलं. आता या राशीत तिच्या हाताची चूक होती, त्याच्या पायांची कमजोरी होती, आणि ज्या करंड्या काल त्याने सगळ्यांना देऊन टाकल्या त्या हिच्यातूनच जायच्या होत्या. दर अर्धा झाला तर घरात काय उरणार याचा हिशेब तिने येताना चार वेळा केला होता, आणि चारही वेळा तो जमला नव्हता.

नोनातो हाताची घडी घालून उभा होता.

तिने चूळ भरली, राशीच्या पोटातून चिमूट काढली, चावली. मुंग्या आल्या, पण रेंगाळत. पाणी आलं. तिने मनात त्याला ओढलं, जसं विहिरीतून ओढतात. गाल आत घेतले, जीभ टाळूला घासली. म्हटलं, ये. मान वाकवली.

तार निघाली. गुडघ्यांपर्यंत गेली, बारीक झाली, आणि तुटली.

तुटलेला थेंब धुळीत पडला. दुरून कुणाला सांगता आलं नसतं तो टेकला की पडला. फक्त बाकावरून दिसत होतं. जेनेरोझाने मान वर केली नाही. तिचं काम झालं होतं.

बेर्तोल्दोने घोटभर पाणी घेतलं. भांडं खाली ठेवलं. नोनातोकडे पाहिलं, मग धुळीकडे, मग तिच्या ओल्या हनुवटीकडे.

"सुस्त," तो म्हणाला.

"काय?" ओदोरिकोने विचारलं.

"सुस्त. कानात पान घातलंय का? माझी रास सुस्त आहे."

कुणी हसलं नाही. मागे कुणीतरी खाकरलं आणि धुळीत थुंकलं, सहज, सवयीने. नोनातो पुढे आला, रास बांधायला हात लावला आणि न बघता म्हणाला, "उद्याची करंडी मी उचलतो. तुम्ही वाकू नका."

"वाकायला मी काय म्हातारा झालोय?"

"झालात," नोनातो म्हणाला.

घरी जाताना जेनेरोझा पुढे होती आणि तो मागे, घोट घोट पाणी पीत. सुस्त असलं तरी पान होतं ते, तोंड थांबेना. ती दर चार पावलांवर बाजूला वळून थुंकत होती, बाहीने हनुवटी पुसत होती, परत थुंकत होती. तो मागून बघत होता. ओढ्याच्या उतारावर त्याने तिच्या खांद्यावर हात टेकला, दम घेतला.

"पुरे की," तो म्हणाला. "किती वाया घालवतेस."